न दिसणाऱ्यावर रोखलेली दुर्बीण

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजोबांची ती मोठी दुर्बीण नक्की कशासाठी होती आणि तिच्यातून काय दिसायचं. मी "लिहून कळवते" म्हटलं. खरं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण त्यांना जे बघायचं होतं ते तिच्यातून दिसत नसे. वाचताना एखाद्या शब्दापाशी अडलात तर आईला विचारा. यातलं सगळं तिला माहीत नाही, पण शब्द माहीत आहेत.

दुर्बीण त्यांनी स्वतः बांधली. आमचं घर तेव्हा देवळाली कॅम्पच्या अलीकडे, जुन्या बंगल्यांच्या एका शांत गल्लीत होतं. आजोबा कॉलेजात फिजिक्स शिकवत. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्यांनी मुंबईहून काचेच्या दोन जाड चकत्या आणल्या, पोळपाटापेक्षा मोठ्या. मागच्या पडवीत वाळूने भरलेल्या पिंपावर एक चकती ठेवली आणि तिच्यावर दुसरी घासायला सुरुवात केली. मधे पाणी आणि बारीक पूड. घासताना पिंपाभोवती हळूहळू फिरत राहायचं, म्हणजे काच सगळीकडून सारखी झिजते आणि वरची चकती खोलगट होत जाते; तिलाच शेवटी मुलामा दिला की दुर्बिणीचा आरसा होतो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "प्रदक्षिणा अजून चालूच का?" मी सांगायची, "हो, देव अजून प्रसन्न व्हायचाय."

आरसा झाल्यावर सातपूरच्या एका वर्कशॉपमधून पत्रा वळवून नळी करून घेतली. आतून तिला शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग दिला. तो मी लावला. आजोबांच्या हाताने रंगाचे ओघळ येत. नळी माणसाच्या कवेत जेमतेम मावेल एवढी रुंद आणि माझ्याहून उंच होती. गल्लीतली पोरं तिला तोफ म्हणायची, आणि तेच नाव राहिलं.

तोफेच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवलेली होती. तिच्यातून पाहिलं की मधोमध एक बारीक उभी आणि एक आडवी रेघ दिसे. त्या रेघा म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचे धागे. त्याहून बारीक आणि सरळ धागा मिळत नाही असं आजोबांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरात माळ्याचा एक कोपरा झाडायला मला बंदी होती. दिवाळीच्या साफसफाईत मी सगळं घर लख्ख करायची आणि त्या कोपऱ्यात कोळी सुखाने नांदायचा. "त्याला भाडं लावू का?" असं मी एकदा विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "तो भाडं वस्तूत देतो."

पहिली काही वर्षं ते गच्चीवरून चंद्र, शनी, तारकागुच्छ बघत, आल्यागेल्याला दाखवत. मग एक दिवस उत्तरपत्रिका तपासताना ते म्हणाले, "हल्ली कागदावरच्या रेघा वाकड्या छापतात का?" मी कागद घेऊन बघितला. रेघा सरळ होत्या.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डाव्या डोळ्याचा बराच गेला होता, उजव्याचा जाणार होता, कधी ते सांगता येत नव्हतं. त्यावर तेव्हा उपाय नव्हता. "मधलं जाईल, कडेचं राहील," डॉक्टर म्हणाले. "भिंतीला धडकणार नाही तुम्ही सर, पण भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येणार नाही." डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी होते. सांगताना त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

घरी येताना बिटको चौकाजवळ सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आजोबा म्हणाले, "एक गोष्ट राहिली आहे. ती उरकून घेऊ."

ती गोष्ट म्हणजे देवयानी तारकासमूहातली एक दीर्घिका; नुसत्या डोळ्यांना दिसते ती प्रसिद्ध नव्हे, दुसरी, फिकट. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक गाव. आपलं गाव वेगळं, ते वेगळं, आणि मधे कल्पना करता येणार नाही एवढं अंतर. कॉलेजात शिकत असताना त्यांनी एका परदेशी पुस्तकात तिचा फोटो पाहिला होता आणि तेव्हाच ठरवलं होतं, की कधीतरी आपल्या हाताने घडवलेल्या आरशात हिला पकडायचं. आपण काढलेला तिचा फोटो आपल्या डोळ्यांनी बघायचा. एवढंच. आता त्या 'कधीतरी'ला मुदत पडली होती.

अडचण अशी, की ती इतकी फिकट आहे की एवढ्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावूनसुद्धा आमच्याकडच्या धुरकट आकाशात काहीच दिसत नसे. मी विचारलं होतं, "मग फोटो कसा येणार?" आजोबांनी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाकडे बोट केलं. त्या नळाखाली मी रोज कळशी ठेवायची आणि सकाळी ती भरलेली असे. म्हणाले, "डोळा म्हणजे ओंजळ. थेंब पडतो आणि सांडतो. फिल्म म्हणजे कळशी. ती साठवते. पाऊण तास धरून ठेवली, तर भरेल."

घराच्या गच्चीवरून ते शक्य नव्हतं. नाशिकरोडच्या बाजूचं आकाश रात्रभर तांबूस दिसायला लागलं होतं. आजोबांचे मावसभाऊ कळवणच्या पुढे एका खेड्यात शेती करत. त्यांच्या मळ्यात अंधार भरपूर होता. तेव्हा ठरलं, की थंडीत अमावास्येच्या आसपास तोफ टेम्पोत घालायची आणि दिंडोरी, वणी करत कळवणला न्यायची.

पहिल्याच खेपेला कॅम्पच्या हद्दीत लष्कराच्या जवानाने टेम्पो अडवला. ताडपत्रीखालून ती काळी नळी बाहेर डोकावत होती, आणि तो सगळा भाग तोफखान्याचा! त्याने ताडपत्री उचलून आत बॅटरी मारली.

"ये क्या है?"

"दूरबीन है," आजोबा म्हणाले.

"इतनी बड़ी? क्या देखना है इससे?"

"जो दिखता नहीं, वो."

जवानाने आजोबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "माताजी, ये ठीक तो हैं ना?"

"नहीं," मी म्हटलं. तो हसला आणि आम्हाला सोडलं. आजोबा वणीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आता, जे दिसत नाही त्यावर दुर्बीण रोखायची कशी, ते सांगते. तुम्हाला ते आवडेल. देवयानीच्या पायाशी एक ठळक तारा आहे. ती दीर्घिका आकाशात त्याच्याच ओळीत आहे, फक्त थोडी मागे. म्हणजे आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतं तेव्हा आधी तो तारा येतो आणि त्याच वाटेने, त्याच्या मागून ती येते. म्हणून तो तारा दुर्बिणीच्या बरोबर मध्यभागी आणायचा, दुर्बीण तिथेच घट्ट अडकवायची, आणि मग हात मागे घेऊन बसायचं. साधारण एकोणीस मिनिटं. आकाश आपोआप सरकतं. तेवढ्या वेळाने दुर्बिणीसमोर काहीच दिसत नसतं, पण ती तिथे असते. त्याच क्षणी दुर्बिणीच्या बैठकीतली मोटर सुरू करायची, म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर सरकायला लागते आणि ती दीर्घिका समोरच राहते, आणि नळीला जोडलेल्या कॅमेऱ्याची झडप उघडायची.

त्या एकोणीस मिनिटांत कुणी नळीला हात लावायचा नाही, जवळून चालायचंसुद्धा नाही. आम्ही चौघं, म्हणजे आजोबा, मी, मावसदीर आणि त्यांची बायको, खळ्यात गोधडीवर बसून राहायचो. माझी जाऊ शेकोटीवरून चहा आणायची. ती स्वस्थ बसणारी नव्हे.

"काय ओ भावजी, एवढी वाट तर आमी येस्टीची बी नाय बघत."

"एसटी आली की दिसते तरी. ही आली तरी दिसणार नाही," आजोबा म्हणाले.

"मंग आली हे कळनार कसं?"

"घड्याळावरून."

"घड्याळावरून येस्टी कधी आलीय का आपल्याकडं?"

मावसदीर म्हणाले, "गप गं. दादा पंचांग बघून आणतोय तिला." आणि सगळे दबक्या आवाजात हसलो. नळी हलेल म्हणून हसणंही जपून.

खरं काम त्यापुढे. मोटर कितीही चांगली असली तरी ती जरा पुढेमागे होतेच. म्हणून पाठीवरच्या छोट्या दुर्बिणीतून शेजारचा एखादा दिसणारा तारा कोळ्याच्या धाग्यांच्या फुलीवर धरायचा, आणि तो हलला की दोन बटणांनी दुर्बीण पुन्हा जागेवर आणायची. पाऊण तास. नजर दिसणाऱ्या ताऱ्यावर, फोटो न दिसणाऱ्याचा. पहिल्या खेपेला आजोबा उजवा डोळा लावून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तारा सारखा नाहीसा होतोय. ढग आहेत का?" मावसदिरांनी वर पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. आजोबा स्टुलावरून उठले आणि मला म्हणाले, "तू बस."

त्या दिवसापासून फुलीवर तारा धरायचं काम माझं झालं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. फिजिक्सचा आणि माझा संबंध त्यांच्या शर्टावरच्या खडूपुरता. पण हे काम मला जमलं. शिवणाच्या मशिनवर सरळ टीप घालण्यासारखंच होतं ते. मान आखडते, पायाला मुंग्या येतात, डोळ्यांत पाणी येतं, ते येऊ द्यायचं नाही.

फोटोचा रोल आम्ही नाशिकरोडच्या एका स्टुडिओत धुवायला देत असू. तिथल्या मालकांनी आजोबांना एक युक्ती शिकवली होती. ताऱ्यांच्या फोटोची निगेटिव्ह जवळजवळ कोरीच दिसते. एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि कापताना कात्री भलतीकडे चालते. म्हणून रोलमधला पहिला फोटो नेहमी दिवसाउजेडी साध्या कशाचा तरी काढायचा. त्याच्या कडेवरून पुढचं माप लागतं. आजोबांना समोर जे सापडेल त्याचा ते काढायचे, आणि समोर बहुतेक मीच असायची. तुमच्या आईच्या अल्बममध्ये मी मटार सोलते आहे, पापड वाळत घालते आहे, पाठमोरी उभी राहून कुणावर तरी ओरडते आहे, ते सगळे फोटो असे कापणाऱ्याच्या सोयीसाठी काढलेले आहेत.

ज्या खेपेला सगळं जुळून आलं, त्या रोलचा पहिला फोटो माझ्या जावेचा होता, नव्या साडीत, गाईच्या वासराबरोबर. मग थोडे झटपट प्रयोगाचे फोटो. मग ती पाऊण तासाची दीर्घिका. वारा नव्हता, धुकं नव्हतं, तारा फुलीवरून ढळला नव्हता. झडप बंद करताना आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

रोल दिला तेव्हा लग्नसराई ऐन भरात होती. स्टुडिओत मशिनवर नवा माणूस होता. अंधारात फिल्म पुढे ओढताना खटका अर्धवट राहिला होता, की त्या माणसाने अंदाजाने कात्री चालवली, ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही घ्यायला गेलो तेव्हा मालक खुशीत होते. "सर, एकच फोटो निघाला, बाईंचा आणि वासराचा. झकास आलाय! बाकी सगळे काळे होते, ते छापलेच नाहीत. तुमचा खर्च वाचवला."

"निगेटिव्ह?" आजोबांनी विचारलं.

मालकांनी पाकीट दिलं. मी आतल्या पट्ट्या काचेच्या दाराशी, उजेडासमोर धरल्या. दोन पट्ट्यांच्या टोकांना, एकावर अर्धी आणि दुसऱ्यावर अर्धी, एक फिकट करडी रेघोटी होती. कात्री तिच्यातून आरपार गेली होती.

आजोबांनी त्यातली एक पट्टी माझ्या हातातून घेतली, उजव्या डोळ्याजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली.

"मला नाही सापडत. तुला?"

"आहे," मी म्हटलं. "अर्धी."

"कोणती अर्धी?"

मालकांना तोवर काय झालं ते कळलं होतं. ते काउंटरच्या बाहेर आले. "सर, मी स्वतः कापायला हवं होतं. सर, माझ्या हातून..." आजोबांनी त्यांचा दंड थोपटला. "वासरू चांगलं आलंय," ते म्हणाले.

पुढच्या अमावास्येला ढग होते, त्याच्या पुढच्या अमावास्येपर्यंत देवयानी पश्चिमेला कलली होती. तेव्हा गोष्ट पुढच्या थंडीवर गेली. त्या वेळी उजवा डोळा अजून थोडाफार शाबूत होता. तेवढा पुरेल असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

आणि पुढच्या थंडीत, बाळा, तू जन्मलीस. हे मोठीसाठी आहे. तुझी आई तिकडे परदेशात एकटी होती, दिवस अवघड गेले होते, डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. माझं तिकीट आजोबांनीच काढलं. मी म्हटलं, "अहो, आणि कळवणचं काय?"

"दीर्घिका कुठे पळून जात नाही. नात एकदाच जन्मते."

"पण तुमचा डोळा..."

"माझा डोळा माझ्याजवळच राहणार आहे. तू जा."

हे तुझ्या आईला माहीत नाही. तिला आम्ही "आजोबांची खेप या वर्षी राहिली" एवढंच सांगितलं होतं. तुला टोचावं म्हणूनही लिहीत नाही. मी तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तुझी मूठ माझ्या अंगठ्याभोवती बंद झाली. त्या क्षणी कळवण, तोफ, देवयानी, काहीच माझ्या मनात नव्हतं. तेही खरंच आहे.

चार महिन्यांनी मी परत आले. मुंबईला विमानतळावर आजोबा पुतण्याबरोबर घ्यायला आले होते. मी लांबूनच हात हलवला. ते बघत होते माझ्याच दिशेने, पण हात हलवेनात. मी सामानाची गाडी ढकलत अगदी समोर येऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मान थोडी फिरवली, जणू माझ्या खांद्यामागून कुणी येतंय, आणि हसले.

"आलीस."

"कुणाला बघताय?"

"तुलाच. मधे धरलं की तू जातेस. बाजूला धरलं की दिसतेस."

मला वाटलं होतं, आता ते कळवणचं नाव काढणार नाहीत. ऑक्टोबर सरत आला तसं त्यांनी मला तोफेचा आरसा पुसायला लावला. मी म्हटलं, "फोटो आला तरी आता..." आणि वाक्य सोडून दिलं. ते म्हणाले, "आला पाहिजे आधी."

त्या थंडीत खेड्यांमधून संध्याकाळची वीज जात असे. सगळा जिल्हा लोडशेडिंगला शिव्या देत होता. मावसदीर तर रोज मोटारपंपापाशी उभे राहून देत. आजोबा मात्र खळ्यात खुर्ची टाकून बसले आणि "आता किती अंधार आहे? वणीकडे उजेड दिसतो का?" असं मला विचारत राहिले. काहीच दिसत नव्हतं. डोंगराची कड तेवढी, आणि तिच्यावर तारे.

या खेपेला त्यांना दुर्बिणीला डोळा लावून उपयोग नव्हता. सगळं मी करायचं आणि त्यांनी बोलायचं. देवयानीच्या पायाशी असलेला तारा मी शोधला. तो बरोबर तोच आहे हे त्यांना कसं कळणार, हा प्रश्न होता.

"मोठ्या दुर्बिणीतून बघ. एकच आहे, की दोन?"

मी बघितलं. "दोन आहेत. अगदी चिकटून."

"रंग?"

"मोठा केशरी आहे. लहान... निळसर."

"तोच," ते म्हणाले, आणि खुर्चीच्या हातावर थाप मारली. "थांबव."

मी नळी अडकवली आणि आम्ही बसलो. माझी जाऊ या वेळी काही बोलली नाही. तिने चहा आणला आणि आजोबांच्या हातात कप नीट बसला की नाही ते बघूनच स्वतःचा हात काढला. मावसदिरांनी बॅटरीच्या उजेडात घड्याळ धरलं. "झालं, दादा." मी मोटर सुरू केली, झडप उघडली आणि छोट्या दुर्बिणीशी बसले. नंतरचा पाऊण तास मला आठवतो तो फक्त त्या फुलीवरचा एक तारा. शेतात कुणीतरी खोकलं. गाय उठून पुन्हा बसली. मी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही.

स्टुडिओच्या मालकांनी रोल स्वतः धुतला आणि एका जागीही न कापता अख्खी गुंडाळी करून दिली. मग मालकांनी आणि मी मिळून भिंगाने ती फ्रेम शोधली आणि त्यांनी तिची मोठी प्रत काढली, वहीच्या पानाएवढी. पैसे घेतले नाहीत. मी घरी आले तेव्हा आजोबा ओट्यावर बसले होते. माझी पावलं ओळखून उभे राहिले.

मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मान एका बाजूला फिरवली, मग दुसऱ्या. कडेच्या नजरेला कागद दिसत होता, काळा. एवढं बारीक आणि फिकट काही दिसण्याजोगी ती नजर राहिली नव्हती. त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. मी शेजारी उभी होते. शेवटी त्यांनी फोटो मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सांग."

"साधारण मधोमध आहे, जरा एका अंगाला. तिरकी. लांबट आणि बारीक, दोन्ही टोकांना निमुळती."

"किती लांब?"

"माझ्या करंगळीच्या पेराएवढी."

"आणखी?"

"गव्हाच्या दाण्यासारखी दिसते. दाण्याला मधून चीर असते ना, तशीच हिच्यातून एक काळी रेघ गेली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

त्यांनी मांडीवरचा फोटो पुन्हा उचलला. मग म्हणाले, "रेघ म्हणालीस?"

"हो. का? फोटो खराब आहे का?"

"नाही. ती धूळ आहे, तिच्यातलीच. ती असते तिथे." मग म्हणाले, "रेघेचं मी तुला मुद्दाम कधी सांगितलं नव्हतं."

का सांगितलं नव्हतं ते मला लगेच कळलं. मी त्यांच्या समाधानासाठी काहीतरी गोड सांगेन अशी भीती त्यांना होती. आता भीती राहिली नाही. फोटो आला होता, खराच आला होता. ते उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्यानंतर घरी कुणी आलं की ते फोटो काढून दाखवत. जुने विद्यार्थी, शेजारी, गॅसवालासुद्धा. बोट नेमकं जागेवर ठेवून सांगत, "ही बघा. गव्हाचा दाणा. मधली चीर दिसते का?" आणि माणसं वाकून बघत. एका दुपारी त्यांचे कॉलेजातले एक सहकारी आले होते. मी चहा घेऊन बाहेर आले तर आजोबांनी फोटो उलटा धरला होता. दीर्घिका बरोबर मधोमध नव्हती, जरा एका अंगाला होती. त्यामुळे उलट्या फोटोत त्यांचं बोट नुसत्या काळ्या जागेवर होतं. "चीर दिसते ना?" आजोबा विचारत होते. सहकारी म्हणाले, "वा वा! काय अप्रतिम!" मी कप ठेवला आणि आत गेले.

संध्याकाळी मी शिवणाची कात्री घेतली आणि फोटोचा वरचा उजवा कोपरा तिरका कापला, नखाएवढा. बोटाला वरची बाजू कळावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगठ्याला ती जागा लागली. त्यांनी ती दोन-तीनदा चाचपली.

"कोपरा कापलास?"

"हो."

"कधीपासून उलटा धरत होतो मी?"

"मी एकदाच पाहिलं."

"तू पाहिलंस एकदा," ते म्हणाले. मग मोठ्याने हसले. "आणि तो म्हणाला, अप्रतिम!"

हसले खरे, पण त्यानंतर त्यांनी तो फोटो कुणाला दाखवला नाही. मी कोपरा कापला नसता तर त्यांना कळलंही नसतं, आणि ते दाखवत राहिले असते. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आजही मला वाटतं, की तो कापायलाच हवा होता. आणि आजही वाटतं, की काही दिवस थांबायला हवं होतं.

तोफ त्यांच्यानंतर मावसदिरांच्या मळ्यात गेली. आरसा तेवढा माझ्याकडे आहे, मलमलीत गुंडाळलेला. आजोबा गेले ते ऐन पावसाळ्यात. महिनाभर आकाश दिसलं नव्हतं. शेवटच्या वर्षात ते कधीकधी संध्याकाळी मला तो फोटो काढायला लावत आणि "सांग" म्हणत. मी सांगायची. तिरकी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. ते मधे बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "आज घाई केलीस."

फोटो माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा बघा. कापलेला कोपरा वर, उजव्या हाताला धरायचा.